बरणीवर साल नसतं

स्वयंपाकावरच्या चांगल्या चित्रपटांची यादी निघाली की ‘बॅबेट्स फीस्ट’चं नाव येतंच. गाब्रिएल आक्सेल यांचा हा डॅनिश चित्रपट १९८७चा. पुढच्या वर्षी त्याला परभाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच्याविषयी सहसा असं म्हटलं जातं की, सुग्रास जेवण आणि उत्तम वाइन यांच्यामुळे दुरावलेली माणसं कशी जवळ येतात त्याची ही गोष्ट आहे. हे खोटं नाही. पण असा पाहिलेला चित्रपट हा पंगतीत बसून पाहिलेला चित्रपट असतो. तोच स्वयंपाकघरातून पाहिला तर बराच कडवट निघतो.

कथानक थोडक्यात असं. युटलंडच्या समुद्रकाठच्या एका गावात मार्टिना आणि फिलिपा या दोन अविवाहित बहिणी राहतात. वडील धर्मगुरू होते. त्यांच्या मागे उरलेला छोटा पंथ या दोघी सांभाळतात. १८७१मध्ये पॅरिस कम्यून चिरडलं गेलं. त्यात नवरा आणि मुलगा गमावलेली बाबेट त्यांच्या दारात येते आणि बिनपगारी स्वयंपाकीण म्हणून राहते. पाव आणि बिअरचं पातळ सूप आणि सुकवलेला मासा ती चौदा वर्षं शिजवते. मग तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते. त्या पैशांतून, धर्मगुरूंच्या शंभराव्या जयंतीला, ती एकदाच आपल्या मनासारखा स्वयंपाक करते.

कासव, लाव्हे आणि बाटल्या घरात येताना पाहून मार्टिना घाबरते. सगळे पंथीय ठरवतात की समोर येईल ते खायचं, पण चवीबद्दल एक शब्द काढायचा नाही. गंमत म्हणजे रोजच्या सुपात बिअर असतेच. म्हणजे भीती दारूची नाही, आवडण्याची आहे. आपल्याकडेही ताटावर बसून पदार्थाला नावं ठेवू नयेत असं शिकवतात. शिकवण चांगलीच आहे, पण पुष्कळ घरांत तिच्या जोडीने पदार्थाची तारीफही गिळली जाते. ‘मीठ जरा कमी आहे’ हे मात्र सगळ्या नियमांतून सुटून बाहेर येतं.

या मुक्या मेजावर एकच माणूस बोलतो, तो म्हणजे जनरल लोवेनहिल्म. त्याने जग पाहिलं आहे. आमोन्तियादोचा घोट घेताच तो थबकतो. शॅम्पेन आल्यावर ती व्हव क्लिको आहे आणि १८६०ची आहे, हे तो ओळखतो. शेजारचा म्हातारा त्यावर उद्याच्या बर्फाबद्दल बोलतो. प्रसंग विनोदी आहे, पण चित्रपटाचं मर्म इथेच आहे. चव जिभेवर सगळ्यांनाच कळते. पाणी पुढे आल्यावर तोंड वाकडं करून पुन्हा वाइनकडे वळणाऱ्या म्हातारीलाही ती कळलेली आहे. पण जिच्या हातून ती आली तिच्यापर्यंत चव परत पोचायची, तर तिला नाव देणारं कुणीतरी लागतं.

वाइनला हे नाव आपसूक मिळतं. बाबेटने मागवलेल्या क्लो द व्हूजोच्या बाटलीवर १८४५ हे साल आहे. मळा, प्रांत, वर्ष, सगळं कागदावर छापलेलं. चाळीस वर्षांनंतरही ती बाटली आपली ओळख स्वतः सांगते. त्याच मेजावरचे लाव्हे मात्र खाल्ले की संपले. ते कुणी केले हे जनरलला फक्त आठवणीतून सांगता येतं: पॅरिसच्या काफे आंग्लेत एक बाई मुख्य स्वयंपाकी होती आणि हा पदार्थ तिचा होता. तीच बाई भिंतीपलीकडे उभी आहे, हे त्याला कळत नाही. काफे आंग्ले खरोखर होतं. इतिहासात तिथल्या मुदपाकखान्याशी जे नाव जोडलं गेलं ते मात्र आदोल्फ दुग्लेरे या पुरुषाचं आहे.

आमच्या घरी अलीकडे दिवाळीच्या जेवणाला नाशिकच्या द्राक्षांची वाइन येते. काका चष्मा लावून लेबल वाचतात, आत्येभाऊ पेला उजेडात धरतो, साल कोणतं यावर दहा मिनिटं चर्चा होते. मला या चर्चेचा कंटाळा येत नाही. उलट, पिण्याच्या गोष्टीकडे माणसं इतक्या बारकाईने पाहतात याचं बरंच वाटतं. पण त्याच ताटात आजीचं कैरीचं लोणचं असायचं. तेही मुरलेलं. मुरणं हा शब्द तर आपल्या भाषेत लोणच्यामुळेच इतका अर्थपूर्ण झाला आहे. कोणत्या वर्षी कैरी कोवळी मिळाली, कधी मोहरी वाढवली, कोणती बरणी दोन वर्षं टिकली, हे सगळं आजीला पाठ होतं. आम्हाला फक्त ‘आजीचं लोणचं’ माहीत होतं. बरणीवर साल नसतं.

मराठीतल्या खाण्याच्या आठवणी वाचताना हे सतत जाणवतं. ‘आईच्या हातची चव’ हा त्यांचा लाडका विषय, पण त्या हातांना काय आठवतं ते क्वचितच येतं. आठवण खाणाऱ्याची असते. तिच्यात वाफ असते, वास असतो, आग्रह असतो. सगळ्यांच्या मागून जेवायला बसलेल्या बाईला त्यातलं काय उरलं, हे नसतं.

ज्या कथेवर हा चित्रपट बेतला आहे ती कारेन ब्लिक्सन यांची, आयझॅक डिनेसेन या टोपणनावाने १९५०मध्ये प्रसिद्ध झालेली. तीत हा प्रश्न अधिक धारदार आहे. जनरल ज्या गालिफेची आठवण काढतो, त्याच गालिफेने कम्यून रक्तात बुडवलं. कथेतली बाबेट म्हणते की ती माणसं क्रूर होती, पण तिची कला समजण्याचं शिक्षण त्यांनाच मिळालेलं होतं, आणि ती आता उरली नाहीत. ज्यांच्याविरुद्ध लढायचं तेच आपले रसिक, हा पेच ब्लिक्सन सोडवत नाहीत. आक्सेल तो बराच मऊ करतात. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळे चेहरे इतके सुंदर दिसतात की वर्गाचा प्रश्न विसरायला होतो.

शेवटी कळतं की सगळे दहा हजार फ्रँक या एका जेवणात गेले. आता तू आयुष्यभर गरीब राहणार, असं बहिणी म्हणतात. कलावंत कधी गरीब नसतो, अशा आशयाचं उत्तर बाबेट देते. मग फिलिपा तिला मिठी मारून स्वर्गात तुझी कला देवदूतांना आनंद देईल अशी ग्वाही देते. अनेकांचे डोळे इथे पाणावतात. मला इथे आपला ‘अन्नपूर्णा’ हा शब्द आठवतो. बाईला अन्नपूर्णा म्हटलं की तिचा वेळ, तिचा मोबदला, तिचं नाव, हे सगळे प्रश्न देव्हाऱ्यात बसतात. फिलिपाचं प्रेम खरं आहे, आणि तरीही ती हिशोब परलोकावर ढकलते आहे. बाबेटला रसिक इथे हवे होते, या मेजावर.

म्हणून मला या चित्रपटातला सर्वांत मोलाचा क्षण मेजावरचा वाटत नाही. सगळं वाढून झाल्यावर, खरकट्या भांड्यांच्या गराड्यात बाबेट स्वतःसाठी वाइन घेते आणि सावकाश पिते. कुणी तिला ओतून देत नाही, कुणी साल विचारत नाही. तिला ते माहीत आहे. स्टेफान ओद्रान यांनी तो घोट इतका शांतपणे घेतला आहे की त्यात थकवा किती आणि समाधान किती, हे वेगळं करता येत नाही. घरोघरीच्या स्वयंपाकघरांत असा एक क्षण असणारच: शेवटची पोळी उतरवल्यावरचा, गॅस बंद केल्यावरचा. त्याची आठवण फक्त तिथे उभ्या असलेल्या बाईकडे असते, आणि तिला ती अजून फारशी कुणी विचारलेली नाही.