‘एन’ नावाचं अक्षर

चेन्नईच्या दक्षिणेला मुट्टुकाडूच्या पुलावर उभं राहून कोवलमच्या खाडीकडे पाहिलं की पाणी निजल्यासारखं वाटतं. पण ते चालत आलेलं असतं. पळ्ळिकरणैची दलदल भरली की पाणी ओक्कियम मडुवूच्या वाटेने बकिंगहॅम कालव्यात उतरतं आणि दक्षिणेकडे सरकत इथे समुद्राला मिळतं. सारी वाट जवळजवळ सपाट. अशा पाण्याची चाल ओळखणारं एक इवलंसं सूत्र आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंगने १८८९ साली मांडलं.

त्याची बांधणी पाहा. रुंद प्रवाहात खोलीचा दोन-तृतीयांश घात, गुणिले उताराचं वर्गमूळ, भागिले ‘एन’. वर्गमुळातली खुबी अशी की उतार चौपट घटला तरी वेग फक्त निम्मा होतो. सपाटीवरही पाणी वाहायचं सोडत नाही, ते या एका चिन्हात सामावलं आहे.

आता खोली १ मीटर आणि उतार दहा हजारात एक धरा. घात १, वर्गमूळ एक-शतांश. उरतो फक्त ‘एन’, म्हणजे तळाचा आणि झाडोऱ्याचा खरखरीतपणा. साफ मातीच्या पाटाला ०.०३ धरला तर वेग सेकंदाला ३३ सेंटिमीटर. पाणकणसाच्या दाटीत ०.१ धरला तर १०. पाणी तेच, उतार तोच. गवताने त्याला तिपटीहून संथ केलं.

हा आकडा थेट दाखवणारं यंत्र नाही. पाण्यात उतरून गवत बघावं लागतं, आणि तेही एकदाच बघून भागत नाही. उथळ पाण्यात लव्हाळे ताठ उभे राहून वाट अडवतात. पूर चढला की ते आडवे होतात, पाणी त्यांच्यावरून जातं आणि ‘एन’ उतरतो. म्हणून जाणत्याच्या प्रतिमानात हा आकडा खोलीबरोबर बदलतो. ती बदलती ओळ दिसली की मी मनातल्या मनात दाद देतो.

रंग सोडून केलेली मोजणीही अशीच बोलकी. पाण्यात निरुपद्रवी रंग सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला त्याची तीव्रता मोजत बसायचं. आलेख झपकन चढतो, पण उतरताना लांब शेपूट सोडतो. ते शेपूट म्हणजे बुंध्यांच्या आडोशाला रेंगाळलेलं पाणी.

कोवलमला मात्र मॅनिंग एकटा पुरत नाही. इथे भरतीला पाण्याचा उतारच उलटा होतो, आणि क्षणोक्षणी बदलत्या प्रवाहासाठीची सॅं-व्हनांची १८७१ सालची समीकरणं हाताशी घ्यावी लागतात. मुखापासून आत ओळीने पातळीमापक लावले तर भरतीची लाट दर ठिकाणी थोडी बुटकी होऊन, थोडी उशिरा पोचते. किती बुटकी, किती उशिरा, हे प्रतिमानाशी ताडून पाहिलं की वाटेतला ‘एन’ हाती लागतो. चंद्राने खाडीचा तळ चाचपून द्यावा तसा! वाळूचा दांडा पडून मुख बुजलं की आतल्या नोंदीतली ती नाडी मंदावते आणि रेघ सरळ होऊ लागते. मग ईशान्य मोसमीचा मोठा पाऊस येतो, दांडा फुटतो, आणि त्याच रेघेवर पहिली भरती उमटते. बुटकी आणि उशिरा.