वेदीची पायरी आणि देहाचे माप

अपंगांना सोयीची वास्तुरचना हा विषय आपल्याकडे बहुधा दयाधर्माच्या सदरात टाकला जातो. दोन अमेरिकन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता ही समजूत टिकत नाही. पहिला नॅन्सी ईसलंड यांचा 'द डिसेबल्ड गॉड' (१९९४). दुसरा एमी हॅमराई यांचा 'बिल्डिंग ॲक्सेस' (२०१७). पहिला ईश्वरविज्ञानाचा, दुसरा वास्तुरचनेच्या इतिहासाचा. तथापि दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : वास्तू उभारताना कोणाचा देह प्रमाण मानला गेला?

हा प्रश्न स्त्रीवादी विचाराने धारदार केला आहे. ल कॉर्बूझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने 'मोद्युलोर' ही मापपद्धती सिद्ध केली, तिचा पाया १८३ सेंटिमीटर उंचीचा पुरुष हा होता. असा देह प्रमाण धरला की ठेंगणी स्त्री, गरोदर माता, वृद्ध, कुबडी घेऊन चालणारा, हे सारे अपवाद ठरतात. रोझमेरी गार्लंड-थॉमसन यांनी २०११ मध्ये यातील मर्म मांडले : देह आणि जागा यांचा मेळ बसत नाही, तेव्हा उणीव एकट्या देहात नसून दोहोंच्या संबंधात असते.

रोनाल्ड मेस या वास्तुशिल्पज्ञास बालपणी पोलिओ झाला होता. ते चाकाची खुर्ची वापरीत. वास्तू प्रारंभापासूनच सर्वांना वापरता यावी, ही 'सार्वत्रिक रचने'ची कल्पना त्यांनी १९८५ मध्ये मांडली. हॅमराई तिचा गौरव करून थांबत नाहीत. पुढे 'सर्वांसाठी' या गोड शब्दाआड अपंग माणूस व त्याचा लढा दोन्ही झाकले गेले, आणि 'सर्व' म्हणजे कोण हे विचारायचे राहून गेले, असा त्यांचा आक्षेप आहे. ही परखडता आम्हांस मोलाची वाटते. सर्वांचे स्वागत असल्याचे आपणही वेदीवरून सांगतो.

ईसलंड यांना जन्मतः हाडांचा विकार होता. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना जागेवरच बसण्यास सांगितले जाई व इतर सर्वांचे झाल्यावर भाकर व प्याला त्यांच्यापाशी आणला जाई. सेवकांचा हेतू चांगलाच होता; परंतु जे सर्वांचे भोजन, ते त्यांच्यापुरते एकाकी झाले. येथून त्या लूक २४:३९ कडे वळतात. पुनरुत्थित प्रभू आपले हात व पाय दाखवितो; गौरवी देहातूनही घाय पुसले गेलेले नाहीत. मग अभंग देहच ईश्वराची प्रतिमा, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

दोन्ही ग्रंथांना मर्यादा आहेत. ईसलंड यांचे विवेचन शारीरिक अपंगत्वापुरते आहे. बौद्धिक अपंगत्व असलेला विश्वासी त्याबाहेर राहतो. हॅमराई यांना भिंतीचा इतिहास ठाऊक आहे, उपासनेचा प्रश्न त्यांचा नव्हे. म्हणूनच हे ग्रंथ एकमेकांस पूरक ठरतात. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यात सार्वजनिक जागांसंबंधीच्या तरतुदींतून धर्मसंस्थांना सूट मिळाली. दुकानदारावर जे बंधन, ते चर्चवर नाही. ही सूट आम्हांस भूषणावह वाटत नाही.

आपल्याकडेही कोठे कोठे दारापर्यंत रॅम्प होतो, वेदीच्या पायऱ्या मात्र तशाच राहतात. अपंगाने घ्यावयाचे, द्यावयाचे नाही. वाचन, उपदेश, सेवा ही त्याची कामे नव्हेत, असे त्या पायऱ्या न बोलता सांगतात. लेवीय २१:१६-२३ मधील निर्बंध आपण व्यासपीठावरून सोडला आणि दगडात जपला! उचलून नेण्याची तोड काढली जाते. पण खुर्चीतील स्त्रीला दर रविवारी चार पुरुषांच्या हातांत जावे लागणे ही सोय नव्हे. आणि उचलणारे कोणी नसले, तर तो भार आई, पत्नी वा मुलगी वाहते.

जुन्या टेकडीवरील इगर्जी एका दिवसात बदलणार नाहीत. परंतु नवे बांधकाम वा डागडुजी काढताना नकाशा ठरण्यापूर्वीच अपंग स्त्री-पुरुषांना बांधकाम समितीत घेणे आपल्या हाती आहे. एक हात चढास बारा हात लांबीचा रॅम्प लागतो. जागा आधी राखली नाही, तर मागाहून मिळत नाही. मार्क २ मधील चौघांनी पक्षाघाती मित्रासाठी छप्पर उसकटले. प्रभूने छपराची तक्रार केली नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या दाराशी आलेल्यास छप्पर उसकटावे लागू नये, इतके तरी आपण करावे.