मुद्रित रणचित्रे आणि लोकस्मृती : उदगीर व असई

लढाईचा निर्णय रणांगणावर लागतो. परंतु तिला लोकस्मृतीत कोणते स्थान मिळावे, हे पुष्कळदा नंतर ठरते. या कार्यात मुद्रित चित्राचा वाटा किती मोठा असतो, हे मराठवाड्याच्या भूमीवर झालेल्या दोन लढायांच्या तुलनेने स्पष्ट होते.

१७६० साली सदाशिवरावभाऊंनी आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर-औसा परिसरात निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने या विजयात मोठी कामगिरी बजावली व सुमारे ६० लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. तथापि त्या काळी मराठी मुलखात छापील चित्राची परंपरा नव्हती. विजयाची वार्ता पत्रांतून पसरली, पुढे बखरींत स्थिरावली, आणि वर्षभरातच १७६१ च्या पानिपतने तिला झाकोळून टाकले. नांदेड-लातूरच्या अभ्यासकालाही उदगीर भेटते ते शब्दांतून. तिचे असे रूप डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

असईचे तसे नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ च्या वॉटर्लूने त्याची कीर्ती शिगेला पोचली, तेव्हा लंडनमध्ये त्याच्या लढायांची रंगीत चित्रे निघू लागली. विल्यम हीथच्या चित्रावरून जे. सी. स्टाडलर याने ताम्रपटावर उतरविलेले असईचे चित्र याच परंपरेतले होय.

हीथचा जन्म १७९४ चा. असईच्या वेळी तो अवघा नऊ वर्षांचा होता. अर्थात हे चित्र प्रत्यक्षदर्शीची साक्ष नव्हे. रचनेचे केंद्र अश्वारूढ सेनापती हे आहे. वस्तुतः इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत मद्रासच्या देशी पलटणींचा भरणा होता; मराठी गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, आणि विजयी सैन्याचे मृत व जखमी मिळून दीड हजारांवर माणूस खर्ची पडले. हे सारे एका नायकाच्या चौकटीत मावणारे नव्हते. भीषण व अनिश्चित झुंज अशा रीतीने एका थोर पुरुषाच्या चरित्राचा पहिला अध्याय बनली.

म्हणून हे चित्र खोटे ठरवून टाकून द्यावे काय? तसे करणे उचित होणार नाही. असईच्या रणांगणाचा पुरावा म्हणून ते दुबळे आहे. परंतु लंडनच्या ग्राहकाला हिंदुस्थानातील युद्ध कसे पाहावेसे वाटत होते, याचा तो अव्वल पुरावा आहे.

महाराष्ट्राच्या हाती हे साधन उशिरा आले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापिली आणि शिळाछापाच्या द्वारे नाना फडणविसांसारख्या पुरुषांची चित्रे घरोघरी पोचविली. येथेही व्यक्तिपूजेचीच दृष्टी प्रबळ होती. फरक एवढाच की नायक बदलला. चित्राचे हे सामर्थ्य सरकारनेही ओळखले होते. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने लेखांबरोबर चित्रांनाही आपल्या कक्षेत घेतले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तात्पर्य, रणचित्र हाती येताच ते कोणत्या लढाईचे, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणी कोरले, केव्हा छापले व कोणासाठी विकले, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. ते न विचारता असईचे चित्र इतिहासग्रंथात घातले, तर मराठवाड्यातील वाचक आपल्याच भूमीकडे लंडनच्या ग्राहकाच्या डोळ्यांनी पाहू लागेल. आणि ज्या उदगीरला चित्र लाभले नाही, तिचे महत्त्व त्याला अकारण उणे वाटेल.