विस्थापिताचे सर्वनाम : ‘रणांगण’ आणि नंतर

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या एकमेव कादंबरीकडे युद्धाच्या छायेतील प्रेमकथा म्हणून पाहण्याची मराठी समीक्षेला सवय झाली आहे. ही सवय सोयीची असली तरी तिच्यामुळे एक मूलभूत भेद झाकला जातो. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मन ज्यू तरुणी हॅर्टा यांना वेगळे करते ते बंदर. विध्वंस पारतंत्र्यातील प्रजाजन असला तरी मुंबईच्या धक्क्यावर उतरू शकतो. हॅर्टाला उतरता येत नाही. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. तिला मागे देश नाही, पुढे पूर्वेकडचे एखादे अनोळखी बंदर, इतकेच.

म्हणून या कादंबरीचे प्रथमपुरुषी निवेदन हा केवळ तंत्राचा भाग राहत नाही. ‘मी’ म्हणण्याचा अधिकार येथे ज्याला उतरता येते त्याच्याकडे आहे. विध्वंसची प्रेमाविषयीची अश्रद्धा, त्याचे तुटक, उपरोधिक बोलणे ही वरकरणी वैचारिक भूमिका. पण हॅर्टाच्या शेजारी ती सुरक्षित माणसाची चैन ठरते. हॅर्टाचा स्वतःचा ‘मी’ मोकळेपणाने उमटतो तो पत्रांतून, म्हणजे ताटातूट झाल्यावर. बेडेकरांना ही विषमता जाणवली होती. निवेदकाला त्यांनी निर्दोष ठेवलेले नाही. कादंबरीचे बळ तिच्या करुण शेवटापेक्षा या कठोरपणात अधिक आहे.

आगोता क्रिस्तोफ १९५६ साली हंगेरी सोडून स्वित्झर्लंडमध्ये आली, घड्याळांच्या कारखान्यात राबली आणि पुढे परक्या फ्रेंचमध्ये लिहू लागली. तिच्या १९८६च्या पहिल्या कादंबरीत युद्धकाळातली दोन जुळी मुले वहीत लिहितात, भावनावाचक शब्द वगळून, आणि लिहितात ती अनेकवचनात. मराठीला येथे एक निवड करावीच लागते. फ्रेंचचे एकच सर्वनाम आपल्याकडे दुभंगते : ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आपण’मध्ये वाचक सामावतो, त्या मुलांना तो नको आहे. ‘आम्ही’ हेच योग्य. विस्थापिताने स्वतः लिहावयाचे तर वाचकाला दाराबाहेर उभे करणारे हे सर्वनाम त्याला लागते. ‘रणांगण’मध्ये ते नाही.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांची. लेखक महसूल प्रशासनातला, म्हणजे दफ्तराच्या बाजूचा. आणि दफ्तराचे सर्वनाम नेहमीच तृतीयपुरुषी असते. ‘प्रकल्पग्रस्त’ या निर्विकार शब्दाआडच्या माणसांना नावे, भांडणे आणि लबाड्यासुद्धा देऊन पाटील त्या शब्दाशी झगडतात. पसरटपणा पत्करूनही हा झगडा मोलाचा.

शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयात या कादंबऱ्या शिकविताना हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा (१८९२) आणि भातसा यांचे पाणी मुंबई पिते. मुरबाडमधील बारवीची उंची वाढविली गेली, तेव्हा पहिल्या धरणानंतर उरलेल्या गावांतही पाणी शिरले. तेथे युद्ध झाले नव्हते. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचे आजोळ त्या पाण्याखाली असेल, तर ‘रणांगण’ वाचताना तो विध्वंसच्या ‘मी’शी सहज एकरूप होईल असे धरून चालता येत नाही.