वेफेअर निर्णय : वापर कर आणि लहान विक्रेता

अमेरिकेतील ४५ राज्ये विक्रीकर आकारतात. विक्रेत्याने तो वसूल केला नाही, तर खरेदीदाराने स्वतः ‘वापर कर’ भरावा, असा दंडक आहे. व्यवहारात सामान्य ग्राहक तो क्वचितच भरतो. १९९२ च्या ‘क्विल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नसलेल्या विक्रेत्यावर वसुलीची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले. परिणामी ऑनलाइन खरेदीवरील बराचसा कर कायद्यात राहिला, तिजोरीत आला नाही. आणि कर गोळा करणारा स्थानिक दुकानदार स्पर्धेत मागे पडला.

२१ जून २०१८ रोजी ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा नियम रद्द केला. न्या. केनेडी यांनी लिहिलेला हा निर्णय समर्थनीय आहे. कारण त्याने नवा कर लादला नाही, तर देय कराच्या वसुलीची जबाबदारी बदलली. तथापि राज्याच्या कायद्यातील निकष सदोष होता. वार्षिक १ लाख डॉलरपेक्षा अधिक विक्री किंवा किमान २०० व्यवहार, यांपैकी एक पुरेसे होते. म्हणजेच १० डॉलरच्या २०० वस्तू विकणारा, अवघ्या २,००० डॉलरच्या उलाढालीवर, कायद्याच्या कक्षेत येत असे.

असा बदल काँग्रेसने करावा, हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे असहमतीचे मत येथे अर्थपूर्ण ठरते. न्यायालय नियम रद्द करू शकते; देशभरासाठी समान मर्यादा आखणे हे विधिमंडळाचेच कार्य होय. साउथ डकोटाने २०२३ मध्ये २०० व्यवहारांचा निकष वगळला. ही दुरुस्ती स्वागतार्ह असली, तरी ती त्या राज्यापुरतीच मर्यादित आहे.