श्रेयनामावलीचे वाचन : ‘गली बॉय’च्या गीतसंग्रहातील कर्तृत्वाचा प्रश्न

कृतीचा कर्ता कोण आणि त्याचे नाव कोठे नोंदवावयाचे, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. बारामती-इंदापूरच्या परिसरात तर तो घरचाच आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपल्या स्तोत्रकाव्याचे नावच ‘केकावली’ ठेवले. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि मोर म्हणजे मयूरकवी स्वतः. अशा रीतीने कवीने शीर्षकातच सही करून ठेवली आहे. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या गावांवरून दर आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरात येते. त्या वाटेवर गायिला जाणारा बहुतेक प्रत्येक अभंग शेवटच्या चरणात आपल्या कर्त्याचे नाव सांगतो. ही नाममुद्रा कोणी प्रकाशकाने वा छपाईवाल्याने दिलेली नाही. ती रचनेचाच भाग असल्याने गाणाऱ्याला ती गाळता येत नाही.

या परंपरेत वाढलेल्या वाचकाने आजच्या लोकप्रिय रॅप-संग्रहाची श्रेयनामावली वाचावयास घेतली, तर त्याला काय दिसेल? प्रस्तुत लेखात ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटाच्या गीतसंग्रहाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. रॅप हा उपेक्षितांचा उद्गार आहे, असे अलीकडच्या चर्चासत्रांतून वारंवार सांगितले जाते. मात्र तो उद्गार कोणाच्या लेखणीतून उतरला, कोणाच्या यंत्रावर बांधला गेला आणि कोणाच्या कंठातून बाहेर पडला, याची चौकशी क्वचितच होते. निबंधांतून ‘गली बॉयमधील कवी म्हणतो’ अशी वाक्ये येतात, आणि हा कवी म्हणजे नेमका कोण ते अनुत्तरित राहते.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची दिग्दर्शिका झोया अख्तर. कथेला प्रेरणा मुंबईच्या दोन रॅपरांची, डिव्हाइन आणि नेझी यांची. अमेरिकन रॅपर नॅस याचे नाव कार्यकारी निर्माता म्हणून आले. अठरा ध्वनिपट्ट्यांच्या या संग्रहाला एक संगीतकार नाही. संगीत-पर्यवेक्षक म्हणून अंकुर तिवारी यांचे नाव आहे, आणि प्रत्येक गाण्यापुढे निराळी मंडळी आहेत. ‘अपना टाइम आएगा’चे शब्द डिव्हाइन व अंकुर तिवारी यांचे, संगीत डब शर्मा व डिव्हाइन यांचे आणि आवाज नायक रणवीर सिंह याचा. ‘दूरी’साठी जावेद अख्तर यांची कविता, तिला डिव्हाइनच्या शब्दांची जोड आणि रिशी रिच यांचे संगीत. ‘शेर आया शेर’ला डिव्हाइनचाच आवाज आहे, पण पडद्यावर ओठ हलतात ते सिद्धांत चतुर्वेदीचे. ‘ट्रेन साँग’मध्ये कर्ष काळे, रघु दीक्षित आणि मिडिव्हल पंडित्झ एकत्र येतात. हिंदी चित्रपटसंगीतात गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन रकान्यांची जी सोपी व्यवस्था अनेक दशके चालत आली, ती या संग्रहाला पुरत नाही.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘निर्माता’ या शब्दाने. रॅपच्या व्यवहारात प्रोड्यूसर म्हणजे ज्या ठेक्यावर आणि ध्वनीच्या पायावर शब्द उभे राहतात तो बांधणारा कारागीर. २०१५ साली स्वतंत्रपणे आलेल्या ‘मेरे गली में’चा असा कारागीर सेझ ऑन द बीट होता. भारतीय प्रताधिकार कायद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते मुद्रण करण्यात पुढाकार घेणारी व त्याची जबाबदारी स्वीकारणारी व्यक्ती वा संस्था, आणि कायदा ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणून तिलाच ओळखतो. ठेका बांधणाऱ्याला कायद्याच्या दारातून आत यावयाचे तर संगीतरचनाकार म्हणून यावे लागते. ‘मेरे गली में’च्या चित्रपटातील आवृत्तीत संगीतासाठी डिव्हाइन आणि नेझी यांच्या बरोबरीने सेझचे नाव आले, ही बाब म्हणूनच किरकोळ नाही. तेथे त्याचे नाव ‘निर्माता’ एवढ्याच शब्दाखाली राहिले असते, तर व्यवहारात मान मिळाला असता आणि हक्काच्या कागदावर मात्र जागा मिळाली नसती.

या ठिकाणी २०१२ च्या दुरुस्तीचा उल्लेख आवश्यक आहे. त्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या शब्द-रचनाकारांना व संगीत-रचनाकारांना मानधनाच्या वाट्याचा असा हक्क दिला, जो त्यांना निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा हक्क-वसुली करणाऱ्या संस्थेकडेच जाऊ शकतो. या दुरुस्तीसाठी राज्यसभेत आग्रह धरणारे जावेद अख्तर या संग्रहाचे एक गीतकार आहेत, आणि दिग्दर्शिकेचे वडीलही. योगायोग बोलका आहे. श्रेयनामावली म्हणजे आभारप्रदर्शन नव्हे, हे या संग्रहाच्या कर्त्यांना अन्य कोणापेक्षा अधिक ठाऊक असावयास हवे. साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस उतरला की शेतकऱ्याच्या हाती वजनाची पावती पडते. पुढे पोत्यातील साखरेवर कोणाचे नाव नसते, पण हिशेब त्या पावतीवरच होतो. गाण्यापुढील नावांचे मोल साधारण असेच आहे.

पावतीच्या दृष्टीने पाहता हा संग्रह प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. १९४९ च्या ‘महल’मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते, लता मंगेशकरांचे नव्हते. त्या तुलनेत ‘गली बॉय’ने गल्लीतील मुलांची नावे गाण्यागणिक नोंदविली. आमच्याकडे याहून जुना आदर्श मराठी संगीत नाटकाचा आहे. किर्लोस्करांच्या काळापासून पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापला जात असे. दुसऱ्याच्या चालीवर पद बांधले, हे सांगण्यात नाटककाराला कमीपणा वाटत नव्हता. आजच्या भाषेत ज्याला सॅम्पल म्हणतात, त्याची ती उघड कबुली होती.

तक्रार आहे ती कागदावरच्या नावांविषयी नसून गाण्याच्या आतील नावाविषयी. रॅपर आपल्या रचनेत स्वतःचे नाव, आपली गल्ली, आपली वस्ती उच्चारतो. ठेका बांधणाराही आरंभी आपल्या नावाची लहानशी ध्वनिखूण ठेवतो, आणि ‘सेझ ऑन द बीट’ हे नाव तर अशा खुणेसारखेच घडलेले आहे. ही रॅपची भणिता होय. अभंगाप्रमाणेच येथेही ‘मी’ हा व्याकरणातील प्रथम पुरुष आणि पत्ता असलेला माणूस अशा दोन्ही अर्थांनी येतो. ‘अपना टाइम आएगा’मध्ये मात्र डिव्हाइनने आणि तिवारींनी लिहिलेला ‘मी’ मुराद या काल्पनिक पात्राचा होतो आणि नामवंत नटाच्या कंठातून येतो. कवीची नाममुद्रा काढून तेथे पात्राची बसविली जाते. नाट्यगीतात वा चित्रपटगीतात हे नेहमीच घडते, त्यात गैर काही नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण नाट्यगीत कधी स्वानुभवाचा दावा करीत नाही. ‘गली बॉय’च्या कथेचा सारा दावा असा की हे शब्द जगलेल्या आयुष्यातून आले आहेत, दुसऱ्याने लिहून दिलेले नाहीत. कथानकात मुराद प्रथम आपले शब्द दुसऱ्याने गावेत म्हणून येतो आणि स्वतःचे शब्द स्वतःच म्हण, असे त्याला शेर सांगतो. ज्या चित्रपटाच्या मध्यभागी हा उपदेश आहे, त्याच चित्रपटात तो उपदेश पाळणाऱ्या पात्राचे शब्द इतरांनी लिहिलेले असावेत, हा अंतर्विरोध समीक्षेने नोंदवावयास हवा. चित्रपटाची ताकद त्यामुळे कमी होत नाही. पण ‘अस्सलपणा’ हा शब्द त्याच्याविषयी वापरताना जरा थांबावे लागते.

अर्थात नाममुद्रेचे गुणगान करतानाही सावध राहिले पाहिजे. तुकोबांची मुद्रा धारण करणारे सारेच अभंग तुकोबांचे नाहीत, आणि नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्याचे अभ्यासक सांगत आले आहेत. आतले नाव गाळता येत नाही, पण उसने घेता येते. म्हणून आतील मुद्रा आणि बाहेरील यादी ही दोन्ही साधने एकमेकांशी पडताळून पाहावी लागतात.

बाहेरील यादी वाटेत कशी आक्रसते, याचे उदाहरण पुरस्कारांत सापडते. फेब्रुवारी २०२० मध्ये गुवाहाटीत झालेल्या फिल्मफेअर सोहळ्यात ‘गली बॉय’ला तेरा पुरस्कार मिळाले. गीतलेखनाचा मान डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना मिळाला, आणि ते योग्यच झाले. संगीताचा पुरस्कार ‘कबीर सिंग’सोबत विभागून देण्यात आला. तेथे ‘कबीर सिंग’च्या वतीने मिथुन, अमाल मलिक, विशाल मिश्रा, सचेत-परंपरा आणि अखिल सचदेवा अशी रचनाकारांची नावे आली. ‘गली बॉय’च्या वतीने मात्र झोया अख्तर आणि अंकुर तिवारी ही दोनच नावे आली. एका संग्रहाचे श्रेय रचणाऱ्यांना मिळाले, दुसऱ्याचे निवडणाऱ्यांना. डब शर्मा, सेझ, कर्ष काळे, रिशी रिच ही नावे पहिल्या यादीच्या न्यायाने दुसऱ्या यादीतही यावयास हवी होती.

याला उत्तर असे देता येईल की, इतक्या विखुरलेल्या हातांना एकत्र आणणे हेच येथे मुख्य सर्जन होते. हे उत्तर सहज झटकून टाकण्यासारखे नाही. पर्यवेक्षकाने कोणाला बोलाविले आणि कोणाला वगळले, यावर या संग्रहाची जात ठरली. चांगल्या संपादकाशिवाय नियतकालिकाचा अंक होत नाही, हे महाविद्यालयीन प्राध्यापकांना सांगावयास नको. तथापि अंकाला पारितोषिक मिळाले म्हणून त्यातील कवितांचा कर्ता संपादक ठरत नाही. संपादनाचा गौरव करावयाचा तर त्या नावाने करावा, रचनेच्या नावाने नव्हे.

याच्या उलट टोकाला ‘आझादी’ हे गीत आहे. त्याचे कर्तृत्व डिव्हाइन व डब शर्मा यांच्या नावे आहे, परंतु ज्या घोषणेवर ते उभे आहे ती कोणा एकाची नाही. कमला भसीन (१९४६–२०२१) यांनी ती भारतातील स्त्री-चळवळीत रुजविली, आणि आपण ती पाकिस्तानातील स्त्रियांकडून ऐकली असे त्या सांगत. २०१६ मध्ये दिल्लीच्या विद्यापीठातून ती पुन्हा देशभर पोहोचली, आणि डब शर्मांनी त्याच वर्षी तिच्यावर ध्वनिरचना केली. समूहाच्या तोंडून आलेल्या शब्दांना श्रेयनामावलीत रकाना नसतो. नसावाच असे मात्र नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यात इंदापूर तालुक्यातील बायकांच्याही ओव्या आहेत. ओवी रचली कोणी हे त्या बायकांनाही ठाऊक नव्हते. तरीही संकलनात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदविले गेले. रचनेचा मालक ठरविता येत नसताना तिच्या वाहकाचा आदर कसा राखावा, याचा हा वस्तुपाठ कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीने पाहावा असा आहे.

संग्रहातील सर्वांत कमी चर्चिले गेलेले, परंतु या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे गीत ‘इंडिया ९१’. संगीत मृदंगवादक विवेक राजगोपालन यांचे, आणि शब्द पाच जणांचे : एमसी अल्ताफ, एमसी तोडफोड, १०० आरबीएच, महार्य आणि नॉक्शस डी. येथे कोणी नट त्यांच्या वतीने बोलत नाही. ज्याने लिहिले तोच म्हणतो, आणि कर्नाटक संगीतातील बोलांच्या हिशेबी लयीवर प्रत्येकाची बोली निराळी उमटते. अमरावतीच्या १०० आरबीएचचे नाव ‘सौ’ आणि ‘रभ’ असे वाचले की सौरभ हे पाळण्यातले नाव निघते. यमक आणि श्लेष यांवर जन्मभर प्रेम केलेल्या मयूरकवीला ही मुद्रा आवडली असती. कथेच्या ओघात या गीताला जागा थोडी आहे, आणि लोकप्रियतेतही ते ‘अपना टाइम’च्या फार मागे राहिले. ज्या गाण्यात आतले नाव आणि बाहेरची यादी यांचा मेळ सर्वाधिक बसतो, तेच सर्वांत कमी ऐकले जावे, हे या संग्रहाविषयी बरेच काही सांगते.

पाचांपैकी एमसी तोडफोड, म्हणजे ‘स्वदेसी’ या समूहातून गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी निवर्तला. पुरस्कारांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. गाण्यापुढील पाच नावांत ते आहे, आणि कायद्याने वारसांना दिलेला वाटा मोजावयाचा झाल्यास मोजणी तेथूनच सुरू होते.