राखीव जागेचा खासदार : माणिकराव गावितांच्या कारकिर्दीची चिकित्सा

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीट गावी एका वृद्ध शेतमजुराला मी विचारले, "बाबा, माणिकरावांना तुम्ही किती वेळा मत दिलं?" ते म्हणाले, "माणिकरावांना कुठं? पंजाला दिलं. माणूस कोण उभा करायचा ते वरचे ठरवायचे. आमच्या नशिबानं माणूस चांगला निघाला."

माणिकराव होडल्या गावितांच्या कारकिर्दीवर पुष्कळ लिहिले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते वारले तेव्हाही लिहिले गेले. पण त्या सगळ्या गौरवात या म्हाताऱ्याच्या चार वाक्यांतले सत्य कुठे आलेले दिसत नाही.

दिल्लीच्या सभागृहात एखादा आदिवासी नऊ वेळा निवडून जातो ही घटना लहान नाही. १९८० मध्ये नवापुरातून ते आमदार झाले. १९८१ मध्ये नंदुरबारचे खासदार सुरूपसिंग नाईक राज्याच्या राजकारणात आले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पोटनिवडणुकीतून माणिकराव दिल्लीला गेले. तेथून २००९ पर्यंत एकही निवडणूक ते हरले नाहीत. २००९ मध्ये नव्या सदस्यांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांचीच निवड झाली, कारण ज्येष्ठतेत त्यांच्या तोडीचे फारच थोडे उरले होते. नवापूरच्या पाड्यातला माणूस त्या खुर्चीत बसला याचा आनंद ज्याला झाला नाही तो आमचा नव्हे. पण आनंद आणि चिकित्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या चळवळीत पहिलीच फार होते.

राखीव जागांच्या प्रतिनिधीविषयी आपण एक ठरलेले उत्तर देत आलो आहोत. १९३२ च्या पुणे कराराने १४८ जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले; दलितांचा प्रतिनिधी सवर्णांच्या मतांवर निवडून येऊ लागला आणि म्हणून तो त्यांचाच मिंधा झाला. हे उत्तर खरे आहे. १९५५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागाच नकोत असा ठराव केला, तो याच अनुभवातून. पण हे उत्तर नंदुरबारला लागू पडत नाही! २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. लोकसभा मतदारसंघातले सहाही विधानसभा मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव आहेत. येथे मत देणारा बहुतांश आदिवासी, निवडून येणारा आदिवासी. मग परावलंबन शिरले कुठून?

ते उमेदवारीतून शिरले. मतपेटीपाशी आदिवासी मोकळा होता. मतपत्रिकेवर कोणते नाव येणार हे ठरत असताना मात्र तो खोलीबाहेर होता. १९७७ मध्ये देशभर काँग्रेस वाहून गेली, तेव्हाही नंदुरबारने तिचाच खासदार पाठवला. इतकी निष्ठा ज्या मतदाराची, त्याला कोणी कशाला विचारावे?

बाबासाहेबांनी मे १९४५ मध्ये फेडरेशनच्या मुंबईच्या अधिवेशनात आदिवासींच्या प्रतिनिधित्वाविषयी शंका घेतली होती. राजकीय जाणीव आलेली नसल्यामुळे ते कुणाच्या तरी हातातले साधन बनतील, असा त्यांचा रोख होता. हे मत आज आपल्याला अवघड वाटते, वाटायलाच हवे. शिवाय जाणीव नव्हती हे तरी याच मुलखात कितपत खरे ठरले? शहाद्यात १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला. त्यानंतर १९७२ च्या जानेवारीत भूमुक्ती मेळावा भरला, श्रमिक संघटना उभी राहिली. भजने गाता गाता भिल्लांना एकत्र करणारे अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये गेले. गेलेल्या जमिनी, सालदाराची मजुरी, बाईची अब्रू हे प्रश्न तेव्हा आदिवासी स्वतःच्या तोंडाने मांडत होते. जाणीव होती. ती दिल्लीच्या तिकिटापर्यंत पोचू दिली गेली नाही, आणि चळवळीनेही ती तिथवर नेण्याची पुरेशी फिकीर केली असे मला वाटत नाही. खासदारकी म्हणजे भ्रष्टांचा बाजार, असे म्हणून आपण तो दरवाजा दुसऱ्यांसाठी सोडून दिला.

येथे माणिकरावांचे समर्थक म्हणतील, पक्षशिस्तीपुढे एकटा माणूस काय करणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व घालवणे. कबूल. पण तो आदेश मतदानापुरता असतो. दिलीपसिंह भुरिया हेही काँग्रेसचे, तेही शेजारच्या झाबुआच्या राखीव जागेचे भिल्ल खासदार. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९९५ मध्ये आला आणि त्यावर १९९६ चा पेसा कायदा उभा राहिला. ग्रामसभेला तिचे पाणी, जंगल, जमीन यांवर काही बोलता येते ते त्या कायद्यामुळे. भुरियांचे पुढचे राजकारण कसेही असो (ते नंतर भाजपमध्ये गेले), एका राखीव सदस्याचे नाव एका कायद्याच्या मुळाशी राहिले. नऊ पर्वांच्या कारकिर्दीत असे एक नाव आपण शोधू लागलो की हात रिकामा येतो.

माणिकराव २००४ च्या सरकारात गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला तेव्हा ते सरकारात होते; पण त्या कायद्याची आठवण निघते ती वनजमीन कसणाऱ्यांच्या मोर्चांची. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेली म्हटले की लोकांना आंदोलन आठवते, खासदार आठवत नाही. २०१० च्या सप्टेंबरात देशातले पहिले आधार कार्ड टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, महाराष्ट्रात सर्वांत कमी निघाली. याचे सारे पाप एका माणसाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. साधेपणासाठी ते ओळखले जात, आणि दारी आलेल्याला त्यांनी परत पाठवले असे मी तरी ऐकलेले नाही. मात्र दारी आलेल्याचे काम करणे आणि दारी येऊ न शकणाऱ्याच्या वतीने बोलणे यांत अंतर आहे, आणि राखीव जागा दुसऱ्या कामासाठी दिली आहे.

२०१४ मध्ये डॉ. हीना गावितांनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. दिल्लीची लाट होतीच. पण पंजावरची ती जुनी निष्ठाही तोवर झिजली होती. २०२४ मध्ये गोवाल पाडवींनी हीना गावितांना दीड लाखाहून अधिक मतांनी पाडले आणि जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. वर्तमानपत्रांनी याला परिवर्तन म्हटले. हीना गावितांचे वडील विजयकुमार गावित आणि गोवाल पाडवींचे वडील के. सी. पाडवी या दोघांनीही राज्याचे आदिवासी विकास खाते सांभाळलेले आहे. कोरीटच्या बाबांना मी हेही सांगितले. त्यांनी विचारले, "मग आमच्यातला कोण उभा होता?"